बाबांची फियाट अन् पाव आटा

मंडळी, सकाळपासून कशातच मन नाही.

आमची जुनी फियाट आम्ही अकोल्याच्या घरीच ट्यून करतो. मी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो अन् बाबा खुर्चीत डोळे मिटून आवाज ऐकतात. "पाव आटा सोड" म्हणाले की स्क्रू पाव फेरा सैल सोडायचा. मेकॅनिकही त्यांच्या कानाला मानायचे.

आज स्क्रू फिरवला अन् इंजिन असं गोड चालायला लागलं, की शाबासकीसाठी मी बाबांकडे पाहिलं.

डोळे मिटूनच ते म्हणाले, "थांबला कावून बे? कर नं चालू!"

इंजिन चालूच होतं.

मी गुपचूप गाडी बंद केली. त्यांच्या कानाशी जाऊन जोरात म्हणालो, "बॅटरी उतरली, बाबा."

टीव्ही मोठ्यानं लावतात म्हणून कालच मी त्यांच्यावर ओरडलो होतो. उद्या ते पुन्हा खुर्ची टाकून बसतील. काय सांगू त्याईले?