वळणावरचा बांध

भीमराज चप्पल काढून जीप चालवायचा. किल्ली फिरवण्याआधी चारही चाकांना हात लावायचा. मागच्या पाण्याच्या पिंपावर टिचकी मारून आवाज ऐकायचा. मागं बसायच्या फळीच्या कडेला कुणाला बसू द्यायचा नाही. मला म्हणायचा, "बीए, मधे बसा. कडेला कविता सुचत नाही." खाणीच्या वळणावर मात्र एक शब्द बोलायचा नाही.

पुण्याजवळ दिघीच्या पुढं ही दगडखाण. १९७३चा दुष्काळी उन्हाळा. भीमराज आणि त्याची बायको प्रभावती बीडकडून आले होते. तो खाणमालकाची जीप चालवायचा, ती तळाशी खडी फोडायची. मी मराठी घेऊन बीए झालो होतो. आकुर्डीच्या कारखान्यातून बोलावणं येईपर्यंत खाणीवर हजेरी घेत होतो. आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या.

सकाळी जीपमधून बायका आणि पाण्याचं पिंप तळाशी जायचं. वाट उताराची, कच्ची. मधल्या वळणाला बाहेरच्या अंगानं सरळ कडा होता, कठडा नव्हता. वळणाच्या वर, खडी दळणाऱ्या क्रशरवरच्या बायका कळश्या घेऊन उभ्या असायच्या. भीमराज थांबून त्यांना पाणी द्यायचा. पिंप अर्धं व्हायचं.

"भरलेलं पिंप गप बसतं," तो मला म्हणाला. "अर्ध्या पिंपातलं पाणी वळणावर बाहेरच्या अंगाला धावतं. गाडी त्याच्यामागं जाती."

"मग वर पाणी देऊ नका."

"माझ्या बापानं गावच्या विहिरीवर हेच ऐकलंय, बीए."

वरच्या पाण्याची एक, खालच्याची एक अशा दोन खेपा करतो, असं तो मालकाला म्हणाला. दुसऱ्या खेपेचं पेट्रोल मिळालं नाही. मग तो वळणाआधी सगळ्यांना खाली उतरवायला लागला. वळण एकटा पार करायचा, पुढं थांबायचा. बायका उन्हात चालत यायच्या. म्हातारी गिरजाबाई ओरडायची, "पाणी गाडीत आन आमी पायी! असला डायवर कुटं पाहिला न्हाई बया!"

"पाणी भांडत न्हाई, मावशी," तो म्हणायचा. सगळ्या हसायच्या.

मुकादम ज्ञानदेवला तो रोज विनवायचा. "वळणाला चाकाएवढा उंच बांध घाला. चाक अडलं तर गाडी वाचंल."

"दगड इकायला असतो राव, कडेला मांडायला न्हाई. भ्या वाटत असंल तर बैलगाडी हाक."

"यात माझी बायको बसती, मुकादम."

"मग तिला चालत आण."

भीमराजनं हात जोडले. ज्ञानदेव विडी पेटवून निघून गेला.

त्या दिवसापासून काम सुटलं की नवराबायको टाकाऊ दगड वाहू लागले. मीही पाटी उचलायचो. बांध दोन्ही टोकांकडून वाढत होता. भीमराज जेवायचा नाही नीट. जेवताना उठून हात धुवायचा आणि म्हणायचा, "एखाद्या दिवशी मी उतरवायचं विसरलो तर?" प्रभावती म्हणायची, "तुमी न्हाई विसरणार." शेवटी मधली, अगदी वळणावरची जागा उरली.

"रविवारी बुजवू," तो म्हणाला.

शनिवारी त्यानं नेहमीसारखं सगळ्यांना उतरवलं. मी बायकांबरोबर उभा होतो. जीप वळली. पिंपातलं पाणी आदळल्याचा आवाज आला. आतल्या बाजूची चाकं उचलली गेली. पुढचं चाक बांधाच्या टोकाला घासलं आणि सुटलं. उघड्या जागेतून जीप उलटी होऊन खाली गेली.

प्रभावती "अहो" एवढंच म्हणाली. मोठ्यानंही नाही.

आम्ही खाली पोचलो तेव्हा तो गेला होता. पाय अनवाणी होते.

ज्ञानदेव मागून धापा टाकत आला. म्हणाला, "नशीब, गाडीत कुणी नव्हतं."

गिरजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. 

आता दुसरी जीप आहे. नवा ड्रायव्हर वळणावर कुणाला उतरवत नाही. उशीर होतो म्हणतो. क्रशरजवळ पाणी तो देतो, कारण बायका आता जीप अडवून पिंपाला हात घालतात. प्रभावती त्याच जीपमधून जाते. तिला दुसरं काम नाही.

भीमराजच्या चपला तिनं दारात ठेवल्या आहेत. त्याची पाटी वळणावर पालथी पडली आहे, शेजारी त्यानं निवडून ठेवलेल्या दगडांचा ढीग. मधे जीप जाईल एवढी जागा अजून उघडीच आहे.