कॅप्टनच्या दत्तकाचे आईबाप

सिंगापूरला बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये शेजारच्या फ्लॅटात एक निवृत्त अमेरिकन इंजिनिअर राहतात. त्यांची बायको इथली होती, ती गेली. मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सहा वर्षं जुळवतोय हे त्यांना ठाऊक होतं. एक दिवस ते जुन्या कागदांची पेटी घेऊन आले. त्यांचे खापरपणजोबा अमेरिकन घोडदळात कॅप्टन होते. शेजाऱ्यांच्या मुलीला तीन आठवड्यांत मुलगा होणार होता. त्याला कॅप्टनचं नाव ठेवायचं आणि सोबत वंशावळ फ्रेम करून द्यायची, असं ठरलं होतं.

"अहो, आपल्या घराण्यातले नऊशे मेलेले पुरले नाहीत का?" बायको म्हणाली. "आता अमेरिकेतले उकरा!"

खालच्या पिढ्या सरळ लागल्या. शेजाऱ्यांचे पणजोबा मात्र जनगणनेत कॅप्टनच्या घरी वय वर्षं सात असे दिसले, आणि कॅप्टनच्या लग्नाला तेव्हा झाली होती चार वर्षं. पुढे शब्द होता 'दत्तक'. मला बरंच वाटलं. आपल्याकडे दत्तक म्हणजे भाऊबंदांतला मुलगा, आईबापांनी राजीखुशीने मांडीवर दिलेला. कुलवृत्तांतात त्याच्या नावापुढे जन्मदात्या बापाचं नावही द्यावं लागतं. तेव्हा हा कॅप्टनच्या एखाद्या भावाचाच असणार, असं मी धरून चाललो. तिन्ही भावांची मुलं मोजली. एकाचाही मुलगा कमी होत नव्हता.

मग कॅप्टनची बायकोला लिहिलेली पत्रं काढली. अक्षर लागत नाही म्हणून शेजाऱ्यांनी ती कधी वाचलीच नव्हती. मी भिंग घेऊन दोन रविवार बसलो.

गोठलेल्या नदीकाठी मूळ रहिवाशांची चामड्याच्या तंबूंची वस्ती होती. कॅप्टनच्या तुकडीने ती उजाडताना घेरली. माणसं झोपेत होती. पहिल्या फैरी तंबूंतूनच आरपार गेल्या. जे बर्फातून नदीकडे पळाले, त्यांच्या पाठीत स्वारांनी तलवारी घातल्या. काडतुसं वाचवायची म्हणून जखमींची डोकी बंदुकीच्या दस्त्यांनी फोडली. एका म्हाताऱ्याला तंबूसकट जाळलं. घोड्याचा नाल निघाल्याची तक्रार करावी तशा सुरात हे सगळं लिहिलं होतं. मेलेले एकतीस, त्यांत लढणारे नऊ, असा हिशेबही होता. मी वजाबाकी केली. बावीस. पुढची ओळ होती: एका मेलेल्या बाईखाली एक मुलगा जिवंत सापडला, धडधाकट आहे, तुझ्याकडे पाठवतो.

"बाळाचं नाव ठेवायच्या आधी सांगा त्यांना," बायको एवढंच म्हणाली.

मी पत्र घेऊन शेजारी गेलो आणि ती दोन पानं वाचून दाखवली. त्यांचा चेहरा लाल झाला. "तू माझ्या पूर्वजाला खुनी ठरवतोस?"

"तो तुमचा पूर्वज नाही," मी म्हणालो. "तुमच्या पूर्वजांना त्याने मारलं."

त्यांनी कॅप्टनचा फोटो टेबलाच्या कडेवर आपटला. काच फुटली. तळहातातून रक्त आलं तरी ते पुन्हा पुन्हा आपटत राहिले. मी मनगट धरलं तेव्हा त्यांनी मला कोपराने ढकललं. माझं डोकं भिंतीवर आदळलं. मग ते खाली बसले.

"तेव्हा किती वर्षांचा होता?"

"पत्राच्या तारखेवरून पाच."

"म्हणजे त्याने पाहिलं."

"आईच्या अंगाखाली होता," मी म्हणालो. "ऐकलं तर नक्की."

मी त्यांच्या हाताला रुमाल बांधत होतो, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने मुलीला फोन लावला. ते नाव ठेवायचं नाही, म्हणाले. कारण सांगितलं. मग तिने विचारलं, त्या मुलाचं आधीचं नाव काय होतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळी पत्रं वाचली होती. कॅप्टनने ते कुठेच लिहिलं नव्हतं.