सत्याप्पाची गाडी नडते

गाडीचं दुखणं सत्याप्पा शब्दांत सांगत नाही. तो आवाज काढून दाखवतो. सकाळी सुरू होताना ती कशी कुरकुरते, खड्ड्यातून निघताना कशी कण्हते, सगळं हुबेहूब. तो निपाणीचा. स्वतःची गाडी भाड्यानं चालवतो. गेली चौदा वर्षं टिळकवाडीतल्या माझ्या घरून निपाणीला नणंदेकडे मी त्याच्याच गाडीनं जाते, आणि या आवाजांनी वाटेत किती हसले त्याची नोंद ठेवायची राहून गेली.

यंदा मे महिन्यात त्याच्या नव्या गाडीचं इंजिन बसलं. गाडी वॉरंटीत होती, म्हणून मच्छे गावातल्या कंपनीच्या वर्कशॉपनं अर्धं इंजिन उतरवून नवे भाग घातले. सोळा दिवसांनी, एका शनिवारी, गाडी हातात आली. त्याला घाई होती ती लेकीमुळे, मैत्रीमुळे. ती पुढच्या सोमवारी चिकोडीच्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू होणार होती. बसनं ती सहज पोचली असती. पण सत्याप्पानं आपल्या आईला, सुलाबाईला, शब्द दिला होता की नातीला कॉलेजच्या दारात आपल्याच गाडीनं सोडीन आणि शेजारी तू बसलेली असशील. सुलाबाईनं तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत पाला निवडला. वखारीला ती चालत जायची आणि चालत यायची.

मधल्या बुधवारी तो मला नणंदेकडून परत आणत होता. तवंदीच्या घाटात चढ लागला आणि गाडीनं जोर सोडला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले. आम्ही कडेला थांबलो. सत्याप्पा बॉनेट उघडून नुसता बघत राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वर्कशॉपची मुलगी कन्नडमधून विचारत होती, "अण्णा, गाडी छलो नडीतैति?"

राग आला की सत्याप्पाचं कन्नड पळून जातं. तो मराठीत म्हणाला, "नडतिया. लई नडतिया."

"थँक्यू अण्णा," मुलगी आनंदानं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

"बघा आक्का," तो मला म्हणाला, "माझी गाडी घाटात पडलीया आन् ही थँक्यू म्हणतिया."

कसंबसं पहिल्या गिअरमध्ये आम्ही घाट चढलो. सपाटीवर गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली. माझ्या दारात मी उतरताना तो म्हणाला, "उद्या तुमी चला वर्कशॉपला. इंग्लिश फाडा जरा. कॉन्व्हेंटच्या इंग्लिशला ती माणसं दबत्यात."

मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

काउंटरवर राघवेंद्र नावाचा सुपरवायझर होता. मी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. त्यानं अतिशय नम्रपणे ऐकून घेतली आणि कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. "मॅडम, इथं तक्रार बंद झाली आहे. गाडी चांगली चालते असं यांनी कालच सांगितलंय. आता नवीन नंबर लावा. बुधवारी बघू."

"बुधवारी?" सत्याप्पा म्हणाला. "सोमवारी माझी पोरगी कामावर हजर व्हनार. आन् मी कधी म्हटलं चांगली चालतिया?"

राघवेंद्रनं आतून रचनाला बोलावलं. फोन तिनंच केला होता. ती जरा दुखावल्यासारखी म्हणाली, "अण्णा, मी विचारलं नडीतैति का. तुम्ही म्हणालात नडतिया, लई नडतिया. इतकं ठासून कोण सांगतं? मी पाचपैकी पाच लिहिले."

 सत्याप्पाचे खांदे हसण्यानं हलू लागले. कन्नडात छलो नडीतैति म्हणजे चांगली चालते आणि आमच्या मराठीत नडते म्हणजे अडते, हे दोन्ही भाषा बोलणारी आम्ही चौघं माणसं एका दमात समजलो. राघवेंद्र खुर्चीत मागे रेलून हसला. रचनानं ओढणी तोंडावर धरली. माझं इंग्रजी कुणाला आठवलंही नाही.

"बोला आता, काय होतंय गाडीला?" राघवेंद्रनं डोळे पुसत विचारलं आणि म्हाताऱ्या मष्णू मेकॅनिकला हाक मारली.

"माझी आई जिना चढती न्हवं, तशी करतिया," सत्याप्पा म्हणाला आणि त्यानं आवाज काढला. आधी लांब श्वास, मग शीळ, मग दोन कोरडे ठसके.

मष्णूनं डोळे मिटले. "शीळ आदी का ठसका आदी?"

"शीळ आदी."

"मग हवा गळतिया," मष्णू म्हणाला आणि बॉनेटखाली वाकला. इंजिन परत जोडताना हवेच्या जाड नळीवरची पट्टी कुणीतरी नुसती अडकवून ठेवली होती. आवळलीच नव्हती. सपाटीवर चालून जायचं, चढावर जोर पडला की तिथून हवा गळायची. पाव तासात काम झालं.

सोमवारचं मैत्रीनं मला फोनवर सांगितलं. चिकोडीला जायला तवंदीचा घाट लागत नाही. तरी सत्याप्पानं सकाळी साडेआठला दोघींना गाडीत घालून आधी घाट चढवला, उतरवला आणि मगच चिकोडीचा रस्ता धरला. मैत्री घड्याळ दाखवत राहिली. सुलाबाई म्हणाली, "बस गं. एकदा चढाव बघू दे त्याला."

कॉलेजच्या दारात तो घाईनं उतरून मैत्रीच्या बाजूला निघाला.

"थांब रं," सुलाबाई आतून म्हणाली. "आदी माजं दार उघड."

"आई, प्राध्यापक ती हाय."

"तुजी आई मी हाय."

दोघांचं हे चाललेलं असताना मैत्री आपल्या बाजूचं दार उघडून उतरली, कॉलेजात गेली आणि दहाला पाच कमी असताना तिनं सही केली. बाहेर आली तेव्हा सुलाबाई कॉलेजच्या पायरीवर ऐसपैस बसली होती, आणि सत्याप्पा शिपायाला तोंडानं शीळ आणि ठसका ऐकवत होता.