नदीत गेलेली पथरी

वर्षभर मी बारामती आणि इंदापूरच्या बाजारात दगड शोधत फिरलो. लोकांना वाटलं, बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वाटू दे. मला वस्तऱ्याला धार लावायची जुनी पथरी पाहिजे होती, वीतभर लांब, काचेसारखी गुळगुळीत. दुकानात नव्या मिळतात त्या खरबरीत. त्यावर कोयता घासावा, वस्तरा नाही.

आमच्या घरची पथरी नदीत गेली. कशी गेली ते सांगतो, म्हणजे मी खुळा नाही हे कळेल.

पूर्वी आमची मेंढरं होती. कातरणीच्या कातरी असोत नाहीतर माझा वस्तरा, धार लावायची ती बायकोनंच. मेंढरं गेली, पिंपळी गावच्या आमच्या रानात ऊस आला, तरी पथरी राहिली. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ओसरीच्या कोनाड्यात ठेवायची ती.

बायको वारली. चितेभोवती फिरताना ज्या खड्यानं मडकं फोडतात तो जीवखडा. तो आम्ही रीतीप्रमाणं फडक्यात बांधून अंगणातल्या लिंबाला टांगला. दहाव्याला तो नदीवर न्यायचा असतो. निघायच्या गडबडीत कुणीतरी ओरडलं, "पांढऱ्या फडक्यातला खडा घ्या रं!" माझ्या मेव्हण्यानं कोनाड्यातला उचलला. घाटावर त्याचीच पूजा झाली आणि तोच नदीत सोडला. पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बाई तृप्त होऊन गेली. मी समोरच होतो, पण डोळ्यांत पाणी. दगड कोण बघतो? घरी येऊन बघतो तर लिंबाला गाठोडं तसंच लोंबतंय आणि कोनाडा मोकळा.

मेव्हण्यानं कपाळाला हात लावला. "दाजी, आता वं?"

"आता काय, बहीण तुझीच. चल परत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खरा खडा गुपचूप नेऊन सोडला. पथरी काही सापडली नाही. मेव्हण्याचा राग मात्र माझ्या मनात राहिला.

वस्तरा बोथट झाला, दाढी वाढली. पोरगा म्हणायचा, "आबा, सलूनात चला की, पाच मिंटाचं काम." गेलो नाही. सुनेच्या कात्रीनं कातरत राहिलो. वाढलेली दाढी बायकोला खपायची नाही, अस्वल म्हणायची मला. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढं अस्वल होऊन बसायचं नव्हतं. दुसऱ्याच्या पात्यानं दाढी करूनही बसायचं नव्हतं. हट्ट म्हणा.

बारामतीत एका भंगारवाल्याकडं दगड मिळाला. घरी धुतला तर फरशीचा तुकडा निघाला. दुसरा चांगला होता. त्याच्यावर मी खोबरेल तेल ओतलं आणि त्याची वाट लावली. दगड तेलानं बुजला, पातं नुसतं घसरायला लागलं. तेल लावायचं का पाणी, एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं ती माझ्यापुढं बसून धार लावत होती आणि मी चहा पीत रस्ता बघत होतो.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा इंदापूरच्या आठवडी बाजारात पथरी दिसली. एक म्हातारी कुलपं, बिजागऱ्या मांडून बसली होती. त्यातच ती पडली होती, काळपट हिरवी, मधे जराशी खोलगट. म्हातारीचा नवरा न्हावी होता. तोही गेलेला.

"द्या मला," मी म्हणालो.

"वस्तरा दावा आधी."

खिशातच होता. तिनं पात्यावर नख फिरवलं. "ह्यानं वांगी चिरता का काय? कोण लावायचं धार?"

"बायको. ती गेली. पथरी बी गेली."

सगळं सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मंग बराबर हाय की आबा. वर बी मेंढरं असत्यालच. कातरीला धार नको?"

मी हसलो. वर्षात पहिल्यांदा. बायकोच्या हातातली वस्तू तिच्याकडंच गेली, असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मेव्हण्यावरचा राग तिथंच उतरला.

म्हातारीनं बाटलीतलं पाणी पथरीवर शिंपडलं. पातं आडवं टेकवलं, पुढं नेलं, पाठीवर पालटून मागं आणलं. मग वस्तरा माझ्या हातात दिला. मी जोर लावून घासायला लागलो.

"दाबू नका. पुसल्यागत न्या."

गिऱ्हाईक खोळंबलं तर त्यालाच म्हणाली, "दम धर, आबाची शाळा चालू हाय." नीट जमेपर्यंत तिनं मला पथरी विकली नाही. माझे डोळे भरून आले तशी खेकसली, "रडताय काय, अजून कापलं बी न्हाय!" त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. दगड तर तिनं दिलाच, वर जी गोष्ट मी घरात बसून शिकायला पाहिजे होती तीही शिकवली.

वर्षश्राद्धाच्या सकाळी दाढी केली. हनुवटीखाली दोनदा कापलं, तुरटी लावली. धार बायकोच्या हातची नव्हती, पण दाढी झाली. पाहुणे जमले होते. मी फोटोपुढं बसलो आणि आठवलं, रोज तयार वस्तरा हातात मिळायचा, पण धार बरी लागली असं मी एकदाही म्हणालो नव्हतो. ते आता सगळ्यांदेखत म्हणालो. सून रडायला लागली.

मेव्हणा मागून म्हणाला, "दाजी, मोठ्यानं म्हना. तिला कमी ऐकू यायचं."

मग मोठ्यानं म्हणालो.