माळ्यावरचा अर्क

ज्या बाटलीवर आत काय आहे ते छापलेलं नाही, त्या बाटलीतलं औषध मी घेत नाही आणि घरात कुणाला घेऊ देत नाही. बायको म्हणते, हा तुमचा चक्रमपणा आहे. असेल. पण मी वाढलो तो औषधांच्याच पैशावर, आणि माझ्या वडिलांनी जन्मभर जे विकलं ते नेमकं असल्याच बाटल्यांतलं होतं.

वडील सोळाव्या वर्षी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका घाऊक औषधवाल्याकडे कामाला लागले. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. विलायतेहून गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांची खोकी यायची. ती उघडायची, फुटतूट बघायची आणि माल पुन्हा बांधून गावोगावच्या दुकानदारांना रवाना करायचा, हे त्यांचं काम. रक्तशुद्धीची, ताकदीची, बायकांच्या तक्रारींची, सगळ्यांची पेटंट औषधं. आत काय आहे हे गुपित, आणि त्या गुपितावरच सगळा धंदा. ते बघून शेठजींनीही स्वतःचं एक औषध काढलं, पोटाचे थेंब. लेबलावर कुठल्याशा न्यायाधीशसाहेबाचं शिफारसपत्र छापलेलं होतं. हे साहेब शेठजींच्या मेहुण्याच्या डोक्यातून जन्मले होते, असं वडील हसत हसत सांगायचे. थेंब एडनला जायचे, बसऱ्याला जायचे, कुवेतलाही जायचे. खोक्यावर पत्र्याचा साचा धरून काळ्या रंगाने कुवेतची इंग्रजी अक्षरं वडीलच मारायचे. हे गाव नकाशात कुठे आहे, याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता.

हे थेंब दोन टप्प्यांत बनत. मूळ अर्क शेठजी स्वतः वरच्या माळ्यावर दार लावून करत. तो चिनी मातीच्या बरणीतून खाली येई. खाली वडील त्यात पुदिन्याचं तेल, कापूर, ओवा असं काय काय घालून बाटल्या भरत. नोकराला सगळी कृती कळली की तो उद्या समोरच्या गाळ्यात दुकान थाटतो, असा त्या बाजाराचा अनुभव होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. वडिलांना याचा राग नव्हता. उलट शेठजींनी अर्धं काम आपल्यावर सोपवलं याचाच अभिमान होता. पुढे दुकान बंद झालं, तेव्हा शेठजींनी अर्काची शेवटची भरलेली बरणी त्यांना देऊन टाकली. त्या बरणीतला चमचा-चमचा काढून वडील पुढची तीसेक वर्षं घरासाठी आणि चाळीसाठी थेंब बनवत राहिले.

इराकी आक्रमण होऊन गेल्यावर, नव्वदच्या दशकात, मी कुवेतला आलो आणि शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल प्लँटच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून चिकटलो. आई गेली, त्यानंतरच्या हिवाळ्यात वडिलांना व्हिजिट व्हिसावर महिनाभर बोलावून घेतलं. तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं. विमानतळावरून घरी आलो, बॅग उघडली, आणि खोबरेल तेलाच्या बाटलीतून स्पिरिटचा वास आला.

"बाबा, हे काय?"

"थेंब. परमुलखात पोट बिघडलं तर?"

माझ्या पाचावर धारण बसली. जिथे दारूचा थेंब बाळगला तरी हातकड्या पडतात, तिथे हे गृहस्थ स्पिरिटची बाटली तेलाच्या नावाखाली कस्टममधून घेऊन आले होते, तेही तिथल्या माणसाकडे बघून ओळखीचं हसत. मी बाटली तेव्हाच मोरीत ओतणार होतो. पण वडिलांचं तोंड एवढंसं झालं. बायको म्हणाली, "राहू दे हो, दोन दिवस. मी ठेवते कुठेतरी." तिने ती गव्हाच्या पिठाच्या डब्यामागे ठेवली. तेव्हापासून दारावरची बेल वाजली की माझं लक्ष आधी त्या डब्याकडे जायचं.

आमच्या प्लँटवर कंत्राटदाराचा एक क्रेनवाला होता, देवगडकडचा. खैतानला एका खोलीत सात जणांबरोबर राहायचा. शुक्रवारच्या सुट्टीला कधी कधी आमच्याकडे जेवायला यायचा. वडील आल्यापासून तर दर शुक्रवारी. दोघांची गावं जवळची, गप्पांना ऊत यायचा. त्या शुक्रवारी तो आला तो पांढराफटक चेहरा घेऊनच.

"काकानू, कालपासून हगवणीन हैराण झालंय. पाणी पिलंय तरी रवणा नाय."

एवढं ऐकून मी खाली बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दही आणायला गेलो. परत येतो तर तो सोफ्यावर शांत झोपलेला. दीड तासाने उठला, मऊभात जेवला, वडिलांच्या पाया पडला.

"जादू केलात, काकानू. पोट गप झाला."

वडील असे खुलले की काय सांगू. वीस थेंब, कोमट पाण्यातून, म्हणाले. मी कपाळाला हात लावला. बरा झाला ना, मग झालं, असं स्वतःला सांगितलं. जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "उद्या सकाळी माजा मेडिकल आसा, दादानू. क्रेनीचो परवानो नवो करूचो आसा. लघवी तपासतत, कोण नशा-बिशा करता काय ता बघूक."

दार लागलं. मी तिथेच उभा राहिलो. तासाभरात हगवण बंद, आणि भरदुपारी अशी गाढ झोप. हे ओव्याने होत नाही, अफूने होतं.

"बाबा, त्या थेंबांत काय आहे?"

"पुदिना, कापूर, ओवा, थोडी दालचिनी..."

"तुमचा भाग नका सांगू. अर्कात काय आहे?"

ते मग म्हणाले, "ते शेठजींना ठाऊक."

मी ओरडलो. वडिलांवर इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. पन्नास वर्षं लोकांच्या तोंडात घालताय आणि आत काय आहे ते माहीत नाही? ते म्हणाले, "विचारायची पद्धत नव्हती रे. लोकांना गुण येत होता." बायकोने मला हाताला धरून खोलीत नेलं.

चाचणीत अफूचा अंश निघाला तर त्या माणसाची नोकरी तर जाणारच, वर पोलीस, आणि सुटलाच तर थेट मुंबईचं विमान. त्याची थोरली मुलगी तिकडे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. मला बसवेना. बायकोच्या कानातल्या औषधाची रिकामी कुपी धुतली, तिच्यात थोडे थेंब घेतले आणि शुऐबाला निघालो. रस्त्यात पोलिसांची गाडी उभी होती. कुपी मोज्यात होती. त्यांनी हात हलवून पुढे जा म्हटलं, तरी पुढचे दोन सिग्नल मी आरशात मागेच बघत होतो.

लॅबमध्ये शिफ्टवर एक मल्याळी सहकारी होता. "क्या साब, छुट्टी के दिन?" म्हणाला. एक रीडिंग राहिलं, असं काहीतरी मी सांगितलं. तो चहाला गेला तेवढ्यात थेंब पाण्यात पातळ केले आणि वर फेरिक क्लोराइड सोडलं. अफूची ही जुनी खूण आहे, कॉलेजात शिकलेली. अफू असेल तर लाल. परीक्षानळीत लाल रंग उतरला. ओव्यानेही कधी कधी रंग बदलतो, म्हणून आम्ल घातलं, गरम केलं, आणि मनातल्या मनात जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाक मारली. रंग हलला नाही, म्हणजे अफूच. मी नळी तीनदा धुतली.

घरी येऊन त्याला फोन केला. थेंबांत अफू आहे, आजारी असल्याचं कळव आणि जाऊच नकोस, म्हटलं.

"नाय गेलंय तर परवानो उद्याच संपता, दादानू. क्रेनीर दुसरो बसवतले." मग म्हणाला, "जातंय मी. नशिबात आसात ता होतला. विचारल्यानी तरी काकांचा नाव मी घेवचंय नाय. तुमी घाबरू नकात."

मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा खरोखर हायसं वाटलं. शहात्तर वर्षांचा बाप परक्या मुलखाच्या तुरुंगात, हे चित्र दुपारपासून डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी उठलो, पिठाच्या डब्यामागून बाटली काढली आणि सिंकपाशी गेलो.

"ओतू नकोस," वडील मागून म्हणाले. "उद्या ती मला लागणार आहे. मी जातोय त्याच्याबरोबर डॉक्टरकडे."

मी समजावून पाहिलं, घाबरवून पाहिलं. अफू निघाली आहे, तुम्हाला धरतील, मलाही धरतील, नातीची शाळा इथे आहे. हातसुद्धा जोडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"औषध घेताना त्याने मला विचारलं होतं. काकानू, यात नशा-बिशा काय नाय मा? मी म्हटलं, छे रे, ओवा नि पुदिना."

मी बाटली पुन्हा डब्यामागे ठेवली.

शनिवारी सकाळी वडील काळा कोट घालून तयार. पहिल्या नोकरीपासून महत्त्वाच्या कामाला कोट, हा त्यांचा शिरस्ता. बाटली त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. वाटेत क्रेनवाल्याला खैतानहून घेतलं. तो सारखा म्हणत होता, काकानू, तुमी गाडयेतच बसा. कंत्राटदाराच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो. समोरच्या बाकावर आधीच्यांच्या हातांत प्लास्टिकच्या लघवीच्या बाटल्या होत्या. पळून जावंसं वाटत होतं.

डॉक्टर इजिप्शियन, साठीचा. वडिलांनी आत जाताच दुकानाच्या पत्रव्यवहारातलं ते जुनं, अदबशीर इंग्रजी काढलं. हा मनुष्य निर्दोष आहे, औषध मी दिलं, त्याला काही कल्पना नव्हती. बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरने झाकण काढून वास घेतला.

"यात काय आहे?"

वडिलांनी आपला भाग सांगितला, पुदिन्यापासून दालचिनीपर्यंत.

"आणखी?"

"बाकीचं मला माहीत नाही," वडील म्हणाले. मी त्यांना गिऱ्हाईकांशी, वैद्यांशी, दुकानदारांशी बोलताना लहानपणापासून ऐकलं होतं. हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अफू आहे," मी म्हणालो. "मी तपासलंय."

डॉक्टर उठला आणि त्याने दार आतून लावलं. आता हा फोन उचलणार, असं मला वाटलं. तो कोपऱ्यातल्या बेसिनशी गेला, बाटली उलटी केली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. मग क्रेनवाल्याची जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली आणि कागदावर लिहिलं. तीव्र अतिसार, अंगातलं पाणी कमी, चाचणी दहा दिवसांनी घ्यावी, तोवर परवाना चालू राहावा.

"मी फक्त या पेशंटला तपासलं," तो आम्हा बापलेकांना म्हणाला. "तुम्ही दोघं मला भेटलाच नाहीत."

बाहेर येऊन क्रेनवाला रडला. वडिलांच्या पाया पडायला लागला तर त्यांनी त्याला वाकूच दिलं नाही. तो कंपनीच्या बसने प्लँटवर गेला. दहा दिवसांनी त्याची चाचणी झाली, तिच्यात काही निघालं नाही. पुढची आठ वर्षं तो तीच क्रेन चालवत होता.

मी गाडी घराकडे वळवली. इतकं हलकं वाटत होतं की मी बडबडत सुटलो. डॉक्टर काय देवमाणूस निघाला, संध्याकाळी समुद्रावर जाऊ, नातीलाही घेऊ. वडील कोटाची बटणंही काढत नव्हते. फहाहीलच्या पुढे आल्यावर त्यांनी विचारलं, "आठ महिन्यांच्या मुलाला ते किती चालतं?"

"काय?"

"अफू. तू शिकलेला आहेस. किती थेंब चालतात?"

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. दात येताना फार रडायची, आणि आठ महिन्यांची असताना एका रात्री झोपेतच गेली, एवढंच आमच्या घरात सांगितलं जाई. तिला दृष्ट लागली, असं आई म्हणायची. वडील त्या विषयावर कधीच बोलत नसत.

लहान मुलाला त्यातला एक थेंबही देऊ नये, हे मला माहीत होतं.

"दोन-तीन थेंबांनी काही होत नसतं, बाबा," मी म्हणालो.

पुढचा सिग्नल लाल होता. मी ब्रेक दाबला.

"आम्ही पाच द्यायचो," ते म्हणाले.