बाला येणारा एकच इंग्रजी शब्द

मी निघाले तेव्हा बा आटगावच्या फाट्यावर जीपपर्यंत आला होता. म्हशाच्या जत्रेतून आणलेलं घोंगडं त्यानं माझ्या बॅगेवर ठेवलं. वजन आधीच जास्त झालं होतं, मी ते काढून परत दिलं. त्यानं घडी करून काखेत धरलं आणि म्हणाला, "परीक्षा नीट दे गो. पास हो." मी इंग्लंडला नर्सच्या नोकरीवर चालले होते. पण शहापूरच्या शाळेत होते तेव्हापासून बाला इंग्रजीतला 'पास' हा एकच शब्द येत होता.

इथल्या वृद्धाश्रमात नऊ नंबरच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांना बाचा शब्द सांगितला. त्या खुलल्या. म्हणाल्या, याचं मूळ लॅटिन, अर्थ पाऊल. पाऊल टाकणं, मग ओलांडणं, मग वेळ सरणं, जेवताना मीठ पुढे देणं, परीक्षेत उत्तीर्ण होणं. मी म्हटलं, आमच्याकडे रेल्वेचा पास असतो आणि टाइमपासपण. त्या खूप हसल्या.

पुढे त्यांना घास गिळता येईना. डॉक्टर गिळण्याची टेस्ट घेणार होते. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले तर इन्चार्ज दारातच म्हणाली, "शी पास्ड."

"व्हेरी गुड! मग आज टोस्ट देऊ ना?" मी म्हणाले.

ती दारातून बाजूला झाली. खोलीत पलंगावर कोरी चादर होती. बाईंनी एवढे अर्थ सांगितले, मरणं हा तेवढा राहिला होता.

यंदा बा गेला. व्हिसा वाढवायला दिलेला माझा पासपोर्ट कार्यालयात अडकला होता. दिवसभर फोन केले. अर्ज विचाराधीन आहे, एवढंच उत्तर. ड्यूटीवरच्या बायकांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "माय फादर पास्ड." माझा मलाच राग आला.

दहाव्याला मी गणवेश घालून निघतच होते, तेवढ्यात भातसा नदीवरून भावाचा फोन आला. आई रडत म्हणाली, "कावला शिवत नाय गो. आमी सगली बोललो. तुज्यातच जीव हाय त्याचा, तूच बोल."

भावानं स्पीकर लावून फोन पिंडाकडे धरला. पासपोर्ट कधी सुटेल ते मला ठाऊक नव्हतं. तरी मी ओरडून म्हणाले, "बा, मी येते. भातकापणीला येते."

थोड्या वेळानं भाऊ म्हणाला, "शिवला." खरंच शिवला, की माझी ड्यूटी चुकू नये म्हणून तो तसं बोलला, हे मी विचारलं नाही.

भातकापणी होऊन गेली. पासपोर्ट अजून आलेला नाही. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्यांनो, घर म्हणजे काय असं पूर्वी विचारलं असतंत तर मी ओटी दाखवली असती, मागचं खळं दाखवलं असतं. आता घर म्हणजे गेलेल्या माणसाला दिलेला एक शब्द, आणि तो पाळणं माझ्या हातात नाही. आई फोनवर त्या शब्दाचं नावही काढत नाही. फोन ठेवताना फक्त म्हणते, "ये हलूहलू. घाय नाय."