पान्याची उत्तरपूजा

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्या तमिळ मुलखातल्या मराठी घरात प्रत्येकाकडे पाटावर ठेवायला काहीतरी असतं. बायको गाण्याच्या वह्या ठेवते. आत्या पोथी ठेवते, शेजारी विळी. मी आजवर नुसता कापूर लावत आलो. शाळा मी चौथीत सोडली, म्हणजे मास्तरांनी सोडायला लावली, त्यामुळे सरस्वतीची आणि माझी दुरूनच ओळख.

यंदा मात्र माझ्याकडे आयुध होतं. प्लग काढायचा पाना!

आमची जुनी गाडी महिनाभर उचकी लागल्यासारखी चालत होती. मेकॅनिक म्हणाला, चारी प्लग गेलेत, सण झाल्यावर आणा. मी म्हटलं, चार प्लग बदलायला मेकॅनिक कशाला? फोनवर एका माणसाने दहा मिनिटांत बदलून दाखवले होते. वाचायचं काहीच नव्हतं, नुसतं बघायचं. तेवढं शिक्षण माझं झालंय.

पूजेच्या सकाळी मी बॉनेट उघडलं आणि जुने चारही प्लग काढले. सांगायला आनंद होतो, एकही तुटला नाही. झालं, डोकं वर चढलं. हात धुतले, कमरेची वेष्टी बदलली, आणि नवे प्लग बसवायच्या आधी ते पान्यासकट पाटावर नेऊन ठेवले, अगदी वह्यांना खेटून. प्रत्येक प्लगच्या तोंडाला चंदन लावलं, वर कुंकू. चाकांखाली चार लिंबं ठेवली, गाडीने चिरडायला. मग आरती, हरभऱ्याचं शुंडल, पायसम, आणि पंखा लावून झोप.

अडीच वाजता बायकोने उठवलं.

"अहो, चारला निघायचं ना? गाडी झाली?"

"झालीच. नुसते प्लग बसवायचेत."

"मग बसवा की."

"पाना देवीपुढे आहे."

बायको नुसती बघत राहिली. वीस वर्षं हे बघणं मी ओळखतो.

आमच्याकडे पाटावर ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावत नाहीत. लहानपणी मला हा नियम फार आवडायचा. एक दिवस पाटीला हात लावायचा नाही, ही देवीची एकच आज्ञा मी मनापासून पाळली. पहारा आत्याचा. माझ्या वडिलांची ही बहीण आता ब्याऐंशीची आहे, आणि पहारा अजून तोच.

आणि त्याच दिवशी साडेपाचला तिरुवैयारुला देवळाच्या मंडपात बायकोचं गाणं होतं. वीस मिनिटं. लोकांपुढे पहिल्यांदाच. गाणार होती ती आत्याने शिकवलेली आमच्या घरची मराठी पदं. आत्या स्वतः कधी उंबऱ्याबाहेर गायली नाही. आधी बापाने गाऊ दिलं नाही, मग सासऱ्याने. निदान सुनेचं तरी मंडपात बसून ऐकायचं, म्हणून पहाटेपासून तिने रेशमी लुगडं काढून ठेवलं होतं. तिच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नाही. म्हणून गाडी. म्हणून मी.

ऑटोस्टँडवर पळालो. ऑटो सगळ्या होत्या, हार घालून, केळीचे खांब बांधून. चालवणारा एकही नव्हता. मेकॅनिककडे गेलो. तो कोरी वेष्टी नेसून दाराशी प्रसादाच्या पोरी, म्हणजे चुरमुरे, वाटत बसला होता आणि आत सगळे पाने ओळीने कुंकू लावून झोपलेले.

"अण्णा, आयुधपूजेला प्लग काढतो कोण?" तो म्हणाला.

"मी."

"ते कळलंच. पोरी घ्या."

पोरी खात घरी आलो. म्हटलं, हात तर पाटावर ठेवलेले नाहीत ना, हातानेच जुने प्लग बसवू. पण भोकं खोल, बोटं पोचेनात. स्वयंपाकघरातला चिमटा आणला. प्लग खाली पडला, त्याला काढायला गेलो तर चिमटाही पडला.

बायको दारात उभी होती, नेसून, गजरा माळून. घरातला एकटा तिचा गळाच काय तो पाटावर ठेवलेला नव्हता.

"ती चाकाखालची लिंबं तरी आणा," ती म्हणाली. "चित्रान्न करते. वाया कशाला?"

"तू बसने जा गं," आत्या आतून म्हणाली. "मी काय, घरी ऐकलंच आहे की."

हे ती इतकं सरळ म्हणाली की मला पडलेला चिमटा काढायचंही सुचेना. मी देवघरात जाऊन तिच्यापुढे उभा राहिलो.

"आत्या, मी गाढव आहे."

"ते मी कधी नाही म्हटलं?"

मग ती भिंत धरून उठली. पाटाकडे बघत उभी राहिली. कापूर लावला, एक फूल वाहिलं आणि माझा पाना आणि ते चार प्लग तेवढेच बोटभर उत्तरेला सरकवले.

"झाली यांची उत्तरपूजा. ने."

"आणि बाकीचं?"

"वह्या-पोथी राहतील उद्यापर्यंत. पान्याला काय एवढं शिकायचंय?"

मला मास्तरांनी चौथीपर्यंत तरी ठेवलं होतं. माझ्या पान्याला सरस्वतीने अर्ध्या दिवसात घरी पाठवलं.

घाईत बसवताना तीन प्लगांचं चंदन पुसलं. चौथ्याचं राहिलं, हे गाडीनेच सांगितलं. लिंबं चिरडून निघालो खरे, पण तिरुवैयारुपर्यंत गाडी तीन ठोके द्यायची आणि चौथ्याला गप्प बसायची. मागे बायको मांडीवर ताल धरत होती, तोही चुकायला लागला.

"गप्प बसवा हिला," ती म्हणाली, "नाहीतर मी असंच गाईन."

पाच वाजून वीस मिनिटांनी पोचलो. आत्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि मी बाहेर येऊन बॉनेट उघडलं. गरम प्लगला हात लावला की काय होतं, ते त्या फोनवरच्या माणसाने सांगितलं नव्हतं. बोटं तोंडात घालून उभा होतो तेव्हा आत गाणं सुरू झालं. दोन पदं झाली. तिसऱ्यात बायको मध्येच थांबली. मग ती ओळ आली, पण आवाज वेगळाच, पातळ, थोडा थरथरता. पुढच्या ओळीला बायकोचा आवाज येऊन मिळाला, आणि शेवटपर्यंत दोघी गायल्या.

"विसरले हो," बायको नंतर म्हणाली. अकरा वर्षं रोज म्हटलेली ओळ.

मी काय ते बघितलं नाही. मी चौथ्या प्लगचं चंदन वेष्टीच्या टोकाने पुसत होतो.

परत येताना गाडी चारही ठोक्यांवर चालली, एक हिसका नाही. माझं काही नीट झालं की काय म्हणायचं असतं, त्याची आमच्या घरात कोणाला सवय नाही. आत्या मात्र खिडकीची काच खाली करून गुणगुणत होती, रस्त्याला ऐकू जाईल एवढं.